बोर्ड गेला म्हणण्याआधी

‘लॅपटॉप चालू होत नाही’ म्हणून माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक बऱ्याचदा आधी एखाद्या दुकानात जाऊन आलेलं असतं. तिथं त्याला सांगितलेलं असतं, मदरबोर्ड गेला. कशावरून गेला, काय तपासलं, करंट कुठपर्यंत येतोय आणि कुठे अडतोय, यातलं काही सांगितलेलं नसतं. खर्चाचा आकडा तेवढा सांगितलेला असतो आणि तो ऐकून माणूस हबकलेला असतो.

मी भुसावळला हे काम करते. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक केलं, पुण्याला राहून चिप लेव्हलचं काम शिकले आणि परत आले. बोर्ड खरोखर जातात. मीच कितीतरी जणांना तसं सांगते. पण मोजल्यावर सांगते. न मोजता कुणी काहीतरी सांगतं आणि त्यावर कुणाच्या घरातला केळीचा, कापसाचा पैसा जातो, हे मला सहन होत नाही. म्हणून हे सगळं एकदा नीट लिहायला बसले.

आधी बघायचं ते हे, की मशीन नेमकं करतंय काय. बटण दाबलं तरी दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही, हा एक प्रकार. दिवा लागतो, पंखा फिरतो पण स्क्रीन काळी, हा दुसरा. कंपनीचं नाव उमटतं आणि पुढे विंडोज येत नाही, हा तिसरा. तिन्हींचं दुखणं वेगळं आणि खर्चही वेगळा. तिसऱ्या प्रकारात तर बोर्ड बहुतेक वेळा धडधाकट असतो. फोनवर मी पहिला प्रश्न हाच विचारते, आणि ‘काहीच होत नाही’ म्हणणाऱ्याला बटण दाबून पुन्हा एकदा बघायला लावते. दहातले काही जण तिथंच म्हणतात, “अहो ताई, दिवा तर लागतोय.”

काहीच होत नसेल तर पहिला संशय चार्जरवर. आपल्याकडे तो रास्तच आहे. मे-जूनमध्ये वावटळ सुटते, रावेर-यावलकडे केळीच्या बागा आडव्या होतात, तारा एकमेकींना लागतात, एखाद्या डीपीवर न्यूट्रल सुटतो. न्यूट्रल सुटला की घरात २३० व्होल्टऐवजी ३००, कधी त्याहून जास्त घुसतात. चार्जरवर बारीक अक्षरांत १०० ते २४० व्होल्ट असं छापलेलं असतं, म्हणजे त्याची सोय तेवढीच. अशा वेळी बहुतेकदा चार्जर स्वतः जळतो आणि आतलं मशीन वाचतं. म्हणून वादळाच्या दुसऱ्या दिवशी कुणाचा लॅपटॉप बंद पडल्याचा फोन आला, की मी आधी चार्जर मागते. तोच चार्जर, शेजाऱ्याचा नाही.

गोल पिनचा चार्जर मोजायला सोपा. मल्टिमीटर डीसीवर ठेवायचा, एक टोक पिनच्या आत, एक बाहेरच्या कड्याला. १९ किंवा साडेएकोणीस व्होल्ट दिसले पाहिजेत. नेमका आकडा चार्जरवरच लिहिलेला असतो. टाइप-सीच्या चार्जरला मात्र हा नियम लावू नका. तो नुसता मोजला तर पाचच व्होल्ट देतो, किंवा काहीच देत नाही. समोर लॅपटॉप आहे याची खूण पटल्याशिवाय तो वीस व्होल्टपर्यंत चढतच नाही. चांगला चार्जर ‘पाचच व्होल्ट येताहेत’ म्हणून फेकून दिलेला मी पाहिला आहे.

गोल पिनमध्येही एक बारकी गोष्ट आहे. डेल आणि एचपीच्या बऱ्याच चार्जरांत मधोमध सुईसारखी बारीक पिन असते. ती करंट नेत नाही, चार्जर किती वॅटचा आहे एवढं लॅपटॉपला सांगते. ती वाकली किंवा आतून तुटली तर १९ व्होल्ट पोचतात, लॅपटॉप चालतोही, पण हळू चालतो आणि बॅटरी भरून घेत नाही. मग लोक नवी बॅटरी आणतात. नवी बॅटरीही भरत नाही, आणि मग पुन्हा तेच ऐकायला मिळतं, बोर्ड गेला.

आता एक खूण सांगते, ती कुणालाही घरी बघता येईल. चार्जरवर दिवा असेल तर तो लॅपटॉपला न लावता आधी भिंतीवरच्या स्विचबोर्डात लावा. दिवा लागला? मग लॅपटॉपला लावा. लावताक्षणी दिवा विझला, काढल्यावर थोड्या वेळानं पुन्हा लागला, तर चार्जर चांगला आहे. लॅपटॉपच्या आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि चार्जर स्वतःला वाचवायला बंद होतोय. असा लॅपटॉप पुन्हा पुन्हा लावून बघू नका. बॅटरी बाहेर निघणारी असेल तर काढून ठेवा आणि दुकानात आणा.

दिवा विझत नसेल तर घरच्या घरी करण्यासारखं अजून एक आहे. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. बोर्डवर अडकून राहिलेला चार्ज उतरतो आणि पॉवर सांभाळणारी चिप नव्यानं सुरू होते. मग नुसता चार्जर लावून चालू करा. काही लेनोव्हो मॉडेलना तळाला टाचणी जाईल एवढं छिद्र असतं, त्याच्या आत यासाठीच बटण दिलेलं आहे. यात जादू काही नाही, पण लाइट सारखी ये-जा करते तिथले लॅपटॉप या एवढ्यावर उठून बसतात, आणि त्याचे पैसे मी घेत नाही.

शॉर्ट झालेल्या मशीनचं मात्र सविस्तर सांगते, कारण ‘बोर्ड गेला’ हे सर्वात जास्त याच बाबतीत ऐकायला मिळतं.

ऐन लग्नसराईत सावद्याकडचे एक फोटोग्राफर भाऊ आले. लॅपटॉप मेलेला, चार्जरचा दिवा विझतोय. आधीच्या दुकानात बोर्ड बदलायला सांगितलेलं, तेही इथं होणार नाही, पुण्याला पाठवावा लागेल म्हणून. त्यांना लॅपटॉपची फिकीर नव्हतीच. सीझनमधल्या सगळ्या लग्नांचे फोटो त्यात होते आणि कॅमेऱ्याची कार्डं पुसून पुढच्या लग्नाला वापरलेली. “ताई, मशीन गेलं तं जाऊ द्या,” ते म्हणाले, “पन फोटो मी कुठून आनू? लोकायचे लग्न परत थोडीच लावता येईन?”

मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि त्यांच्यासमोरच तळ उघडला. सगळ्यात आधी बॅटरीचं कनेक्टर सोडवलं. उघडल्यावर पहिलं काम कायम हेच. मग एसएसडी काढली. ही माहिती साठवणारी डिस्क, एका स्क्रूवर बसलेली लांबट पट्टी असते. ती यूएसबी केसमध्ये घातली आणि माझ्या मशीनला लावली. सगळी फोल्डरं दिसली. हळदीची, वरातीची, प्रत्येकाला गावाचं आणि तारखेचं नाव दिलेलं. त्यांच्याच पोर्टेबल ड्राइव्हवर कॉपी लावली आणि म्हटलं, “भाऊ, फोटोंची काळजी संपली. आता बोर्डाकडे बघू.” ते डोळे पुसत होते. मलाही भरून आलं.

हे सगळ्यांना माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. बोर्ड मेला म्हणजे आतली माहिती मेली असं नाही. बोर्ड वेगळा, डिस्क वेगळी. काही अगदी पातळ मॉडेलांत आणि नव्या मॅकबुकमध्ये स्टोरेज बोर्डवरच जोडलेलं असतं, तिथं काम अवघड होतं. पण तुमच्या-माझ्या घरातल्या बहुतेक लॅपटॉपांत डिस्क सुटी निघते. दुकानदाराला पहिला प्रश्न हाच विचारा, डिस्क काढून डेटा घेता येईल का. फोटो, प्रोजेक्ट, शाळेचे निकाल, सोसायटीचा हिशेब हातात आला की माणूस घाबरून निर्णय घेत नाही.

मग बोर्ड बाहेर काढला. मल्टिमीटर रेझिस्टन्सवर ठेवून एक टोक ग्राउंडला, म्हणजे बोर्डाच्या शून्य व्होल्टच्या बाजूला, आणि एक चार्जरच्या जॅकमधून आत येणाऱ्या १९ व्होल्टच्या लाइनला लावलं. चांगल्या बोर्डावर इथं हजारो ओहम दिसायला हवेत. इथं अर्धा ओहमसुद्धा नव्हता. म्हणजे आत येणारा सगळा करंट सरळ ग्राउंडमध्ये. या लाइनवर छोटे सिरॅमिक कॅपॅसिटर, म्हणजे थोडा चार्ज साठवून व्होल्टेज स्थिर ठेवणारे भाग, ओळीनं एकमेकांना समांतर जोडलेले असतात. दोन मिलिमीटर लांब, मातकट रंगाचे, वर काही लिहिलेलं नसतं. त्यातला एक आतून फुटला की तो कॅपॅसिटर राहत नाही, नुसती तार होतो. आणि सगळे समांतर असल्यामुळे मीटर कुठेही लावा, सगळेच शॉर्ट दिसतात. दोषी कोण ते मीटरनं कळत नाही.

म्हणून दुसरी युक्ती. बेंच पॉवर सप्लायवर, म्हणजे हवा तेवढाच व्होल्ट देणाऱ्या टेबलावरच्या यंत्रावर, एकच व्होल्ट लावला, करंटला मर्यादा घातली आणि त्या लाइनमध्ये सोडला. एका व्होल्टनं बाकीच्या चिपांना धोका नाही. आता सगळा करंट ज्या वाटेनं ग्राउंडमध्ये जातोय ती जागा तापणार. ब्रशनं बोर्डच्या त्या भागावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरवलं. बोर्ड ओला, चमकत होता. दोन-तीन सेकंदांत एका ठिकाणचा ओलावा उडाला. एवढीशी कोरडी टिकली पडली आणि ती कडेकडेनं पसरायला लागली. भाऊ माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते. “हाच काय?” “हाच.”

हॉट एअरनं तो कॅपॅसिटर उचलला, पुन्हा मीटर लावला. आकडा चढत गेला आणि हजारोंत जाऊन थांबला. तो काढल्यावर बोर्ड तसाही चालू झाला असता, कारण बाकीचे कॅपॅसिटर लाइन सांभाळतात. पण काढलेल्या जागी तेवढ्याच क्षमतेचा आणि तेवढ्याच व्होल्टेजचा दुसरा लावायलाच हवा. जुन्या मेलेल्या बोर्डावरून काढून तो लावला, फ्लक्स पुसलं, बॅटरी जोडली, चार्जर लावला. दिवा लागलेलाच राहिला. बटण दाबलं आणि पंखा फिरला. नव्या बोर्डाचा जो अंदाज त्यांना दिला होता त्याच्या एका बारीक हिश्श्यात काम झालं, आणि त्यातला बराचसा पैसा माझ्या वेळेचा होता.

प्रत्येक बोर्ड असा वाचत नाही. प्रोसेसरच्या लाइनवर शॉर्ट असेल आणि तो प्रोसेसरच्या आतच असेल, किंवा पाणी मुरून बोर्डाच्या आतल्या थरांतली तांब्याची रेघ खाल्ली गेली असेल, तर मी हात जोडते. फक्त तेव्हा मी गिऱ्हाइकाला मीटरवरचा आकडा दाखवते. ‘बोर्ड गेला’ म्हणणाऱ्या कुणालाही हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. कुठली लाइन शॉर्ट आहे? ३ व्होल्ट आणि ५ व्होल्ट तयार होताहेत का? बायोसची चिप तपासली का? ती आठ पायांची छोटी चिप असते, मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम, म्हणजे बायोस, तिच्यात असतो आणि तो बिघडला तरी लॅपटॉप मेल्यासारखाच दिसतो. बाहेर काढून प्रोग्रॅमरवर नव्यानं लिहिली की उठतो. ज्यानं खरंच तपासलंय तो माणूस उत्तर देताना खूश होतो. मला तर कुणी विचारलं की मी टेबल पुसून सगळं दाखवायलाच बसते.

आणि ‘पुण्याला पाठवा’ याबद्दल. असं बारीक काम आपल्या भागात होत नाही, ही समजूत लोकांच्या मनात पक्की बसली आहे. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये जाऊन बघा, सुटे भाग मिळतात आणि काम जाणणारी पोरंही भेटतात. धुळ्यात, चाळीसगावात, शिरपुरात मायक्रोस्कोप लावून बसलेली माणसं आहेत. विप्रो कंपनी १९४५ साली आपल्या अमळनेरला सुरू झाली, वनस्पती तूप बनवायला. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे तिचं पहिलं नाव. पुढे त्याच कंपनीनं संगणक बनवले. मला हे कुणी शाळेत सांगितलं नव्हतं, फार उशिरा कळलं, आणि कळल्यापासून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी ते सांगते.

आता दुसरा प्रकार. दिवा आहे, पंखा आहे, स्क्रीन काळी. अंधाऱ्या खोलीत जाऊन मोबाइलचा टॉर्च तिरपा धरून स्क्रीनवर मारा. फिकट चित्र दिसलं तर लॅपटॉप चालू आहे, स्क्रीनमागचा उजेड तेवढा गेलाय. काही दिसलं नाही तर एचडीएमआय केबलनं घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर दोष स्क्रीनचा किंवा तिच्या केबलचा. ही केबल बिजागरीतून जाते आणि बिजागरी तुटलेला लॅपटॉप ओढूनताणून उघडत राहिलं की ती आतल्या आत चिरते. म्हणून तुटलेल्या बिजागरीवर टेप लावून वर्ष काढू नका, तेवढं एकच आधी करून घ्या.

टीव्हीवरही काही नसेल तर रॅम. कॅप्स लॉकचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल किंवा बीप वाजत असेल, तर त्याचा व्हिडिओ काढा. ती मशीनची भाषा आहे आणि कंपनीच्या वेबसाइटवर तिचा अर्थ दिलेला असतो. पावसाळ्यात तापीकाठच्या गावांतून येणाऱ्या लॅपटॉपांत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर धूसर थर चढलेला मला नेहमी दिसतो. बॅटरी सोडवून रॅम काढायची, पट्ट्यांवरून पांढरा खोडरबर हलक्या हातानं फिरवायचा, अल्कोहोलनं पुसायचं आणि खटकन आवाज येईपर्यंत दाबून बसवायची. दोन रॅम असतील तर एकेक लावून बघायची. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन यायला वेळ लागतो, डीडीआर-५, म्हणजे नव्या पिढीची रॅम, असेल तर कधी काही मिनिटंसुद्धा. तेवढ्यात घाबरून बटण दाबून बंद करू नका.

एक मजेशीर कारणही सांगून ठेवते. झाकण मिटलंय की उघडं, हे लॅपटॉपला चुंबकानं कळतं. चुंबकाचं मोबाइल कव्हर किंवा चुंबकाची कडी असलेलं ब्रेसलेट नेमक्या जागी आलं, की त्याला झाकण मिटल्यासारखं वाटतं आणि स्क्रीन बंद होते.

चालू होतो पण पाच-दहा मिनिटांत धाडकन बंद पडतो, अशी तक्रार उन्हाळ्यात रोज येते. बऱ्याच कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायचा म्हणून सांगतात. भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो. पंखा आत घेतो ती हवाच तापलेली. प्रोसेसर शंभर अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो, आणि तो बरोबरच करतो. त्यात आपल्याकडे जिनिंगची रुई हवेत असते. जिनिंगजवळच्या ऑफिसातला लॅपटॉप उघडला की पंखा आणि तांब्याच्या जाळीच्या मध्ये रुई आणि धुळीचं चक्क नमदं जमलेलं असतं. चिमट्यानं धरलं की अख्खं एका तुकड्यात निघतं. पंखा जोरात फिरतोय, आवाज करतोय आणि हवा कुठून जाणार? नुसती बाहेरून फुंकर मारून ते निघत नाही, उलट घट्ट बसतं. उघडायलाच हवं. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर तो नको इतका फिरून बेअरिंग खराब होतं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडू झाली असेल तर पुसून नवी लावा. गादीवर ठेवून लॅपटॉप वापरू नका, आणि कूलरच्या समोर अगदी जवळ तर नकोच, कारण त्या हवेत ओल असते.

याच उन्हात बॅटऱ्या फुगतात. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट मिटेनासं झालं, तर वापर तिथंच थांबवा. फुगलेल्या बॅटरीला टोचू नका, दाबू नका, सरळ बदला. पैशाची ओढाताण असेल तर बॅटरी काढून नुसत्या चार्जरवर बहुतेक मशीन चालतात, तसं काही महिने काढा. पण ती फुगलेली वस्तू घरात लेकराबाळांत ठेवू नका.

चहा सांडला तर तत्क्षणी बटण दाबून धरून बंद, चार्जर बाहेर, लॅपटॉप उलटा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, त्यानं आतली साखर निघत नाही. साखर आणि दूध बोर्डावर चिकटून राहतात आणि पुढे कित्येक दिवस तांबं खात बसतात. ‘वाळला आणि चालू झाला’ म्हणून खूश झालेले लोक महिन्याभरानं येतात, तोवर हिरवा गंज चढलेला असतो. त्याच दिवशी आणला तर बोर्ड धुऊन निघतो.

राहिला तिसरा प्रकार, कंपनीचं नाव येतं आणि पुढे काही नाही. आधी बायोसमध्ये जाऊन डिस्क दिसते का बघा. बऱ्याच मशीनवर चालू करताकरता एफ २ दाबत राहायचं, एचपीवर एस्केप किंवा एफ १०. डिस्कचं नाव दिसत असेल तर विंडोजचा घोटाळा. चालू होताना दोन-तीनदा अर्ध्यात बंद पडलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा पडदा दाखवतं. त्यात स्टार्टअप रिपेअर करून बघा, नाही झालं तर शेवटचं अपडेट काढण्याचा पर्याय तिथंच असतो. ‘फॉरमॅट मारून देतो’ हे वाक्य ऐकलं की मात्र थांबा. लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या दुसऱ्या सिस्टिमच्या, पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करून डिस्कला न दुखावता फायली बाहेर काढता येतात, फॉरमॅट त्यानंतर. डिस्क जुन्या फिरत्या प्रकारची असेल आणि टक-टक आवाज करत असेल, तर चालू-बंद करत राहू नका. प्रत्येक वेळी आत थोडं अधिक खरवडलं जातं.

नव्या मशीनवर अजून एक अडचण. विंडोज ११ वर मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं लॉगइन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप कुलूपबंद होते, त्याला बिटलॉकर म्हणतात. बोर्ड बदलला, बायोस बदललं किंवा डिस्क दुसरीकडे लावली, की ती ४८ आकड्यांची किल्ली मागते. किल्ली तुमच्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात वेबसाइटवर ठेवलेली असते. पण ते खातं दुकानदारानं लॅपटॉप विकताना स्वतःच्याच कुठल्याशा ईमेलवर उघडून दिलेलं असलं, तर मी काय, कुणीच काही करू शकत नाही. आज रात्री लॅपटॉप नीट चालू असताना हे बघून घ्या. खातं तुमचं आहे ना, पासवर्ड आठवतोय ना, आणि किल्ली वहीत उतरवून ठेवा. डिस्क चांगली, फायली चांगल्या आणि किल्ली नाही म्हणून एखाद्या पोरीचं अख्खं वर्षाचं काम समोर असून मिळत नाही, यापेक्षा वाईट प्रसंग माझ्या टेबलावर येत नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी नेहमीची सुरक्षेची अपडेट्स बंद झाली, तेव्हापासून ‘जुना आहे, आता टाकूनच द्या’ असंही लोकांना सांगितलं जातंय. चालू न होण्याशी याचा काही संबंध नाही. बँकेचं काम त्यावर करू नका हे खरं, पण एसएसडी आणि लिनक्स टाकून तेच मशीन पोराच्या अभ्यासाला आरामात चालतं.

माझ्याकडे या किंवा आणखी कुणाकडे जा, येताना चार्जर सोबत आणा. बंद पडण्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं ते सांगा: लाइट गेली होती, पडला होता, काही सांडलं होतं, अपडेट चालू होतं. लपवू नका, मी रागावत नाही, उलट माझा अर्धा वेळ वाचतो. कुठला डेटा हवाच आहे ते उघडण्याआधी सांगा. आणि पासवर्ड चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपला चिकटवून देऊ नका. लागला तर मी फोन करीन, तुम्ही या आणि स्वतःच्या हातानं टाका.